कुणालाच बहुमत नाही, मग पुढे काय?

निवडणूक होते. मते मोजली जातात. गुलालाची पोतीही येऊन पडतात. पण कधी कधी निकाल असा लागतो, की गुलाल उधळायचा कुणी, तेच कळत नाही. सगळ्यांत मोठा पक्ष असतो, पण त्याच्याकडे बहुमत नसते.

बहुमत म्हणजे काय? समजा, तुमच्या ग्रामपंचायतीत नऊ सदस्य आहेत. नळाच्या दुरुस्तीचा ठराव आला. पाच हात वर झाले की ठराव मंजूर. चारच वर झाले आणि पाच जण विरुद्ध गेले, तर नामंजूर. निम्म्याहून अधिक हात, म्हणजे बहुमत. महानगरपालिकेत आणि विधानसभेतही हिशेब हाच. आकडे तेवढे मोठे.

आता नवी मुंबईची गोष्ट घ्या. मुंबईहून ठाण्याची खाडी ओलांडली की हे शहर लागते. वाशी, तुर्भे, घणसोली अशी आगरी-कोळ्यांची जुनी गावे त्याच्या पोटात आहेत. २२ एप्रिल २०१५ रोजी तिथे महानगरपालिकेसाठी मतदान झाले. जागा होत्या १११. म्हणजे बहुमताला ५६ नगरसेवक हवेत. राष्ट्रवादी काँग्रेसचे ५२ आले. चार कमी! शिवसेनेचे ३८ आणि तिच्या जोडीला असलेल्या भाजपचे ६ मिळून झाले ४४. काँग्रेसचे १० आणि अपक्ष ५.

अशा वेळी नाक्यावर काय ऐकू येते? कुणी म्हणतो, "आपलं मत वायाच गेलं की!" तसे नसते, बरं का. तुमच्या प्रभागात जो निवडून आला, तो आलाच. तुमच्या गटाराची तक्रार ऐकणे त्याच्यावर बांधील आहे. कुणी म्हणतो, "परत घ्या निवडणूक." पण लोक तेच, मते तीच. परत घेऊन निकाल बदलेलच असे कुणी सांगावे? आणि पुन्हा खर्च होईल तो वेगळाच.

खरी गंमत लहान पक्षांची होते. वरचे आकडे पुन्हा पाहा. काँग्रेसचे १० ज्याच्या बाजूला जातील, त्याचे पारडे खाली. ५२ आणि १० मिळून ६२. उलट ४४ मध्ये तेच १० आणि सगळे ५ अपक्ष मिळवले, तर ५९. जागा थोड्या, पण वजन मोठे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हे. काँग्रेस राष्ट्रवादीकडे गेली. राष्ट्रवादीचे सुधाकर सोनवणे महापौर झाले. उपमहापौरपद काँग्रेसला मिळाले.

पण एकदा जुळलेली बेरीज नेहमी तशीच राहत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये याच सभागृहात आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. अतिक्रमणावरच्या त्यांच्या कारवाईने नगरसेवक नाराज होते. मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १०४, विरुद्ध फक्त ६! निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडलेले पक्ष त्या दिवशी एका बाजूला बसले. शहरातले काही लोक मात्र आयुक्तांच्या बाजूने उभे राहिले. पुढे राज्य सरकारने तो ठराव रोखला.

बहुमत नसलेल्या सभागृहाला 'त्रिशंकू' म्हणतात. पुराणातला त्रिशंकू राजा स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामध्ये लटकत राहिला, त्यावरून हे नाव. मला ते फारसे पटत नाही. तो राजा कायमचा लटकला. इथे बोलणी होतात आणि कुणीतरी खुर्चीवर बसतोच.

ही बोलणी बंद दाराआड होतात. तिथे पदे वाटली जातात, आणि मतदाराला दिलेला शब्दही कधी कधी तिथेच सुटतो. इंग्लंडात काय झाले पाहा. निवडणुकीची आपली रीत पुष्कळशी तिकडूनच आलेली. ६ मे २०१० रोजी ब्रिटनमध्ये मतदान झाले. जागा ६५०, बहुमताला हवेत ३२६. हुजूर पक्षाला ३०६, मजूर पक्षाला २५८ आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ५७ जागा मिळाल्या. पाच दिवस वाटाघाटी चालल्या. तोवर जुने पंतप्रधान ब्राऊन हेच काम पाहत होते.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला शंभरातली तेवीस मते पडली होती, पण जागा शंभरात नऊसुद्धा नाहीत. हा कसला न्याय, असे म्हणत माणसे लंडनमध्ये जमली. त्या पक्षाची बैठक चालू होती, तिथेच जाऊन त्यांनी घोषणा दिल्या. ११ मे रोजी हुजूर पक्षाचे कॅमेरून पंतप्रधान झाले. लिबरल डेमोक्रॅट त्यांच्याबरोबर सरकारात गेले.

आता शब्दाचे काय झाले? "विद्यापीठाची फी वाढू देणार नाही," असे लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी निवडणुकीपूर्वी लिहून दिले होते. त्यावर सह्या केल्या होत्या. डिसेंबर २०१० मध्ये फी जवळजवळ तिप्पट करण्याचा प्रस्ताव आला. त्यांच्या नेत्याने आणि इतर अनेकांनी वाढीच्या बाजूने मत दिले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. "सरकार दोघांचे आहे, तडजोड करावी लागते," असे त्यांना सांगण्यात आले.

पुढची निवडणूक २०१५ साली झाली. त्या पक्षाच्या ५७ जागा होत्या. त्यांतल्या ८ उरल्या.