लेकीच्या बाळंतपणाला दक्षिण आफ्रिकेला जाताना



आजचा विषय लांबचा वाटेल, पण तो आपल्याच गटातून आला आहे. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक आणि जावई नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला राहतात. लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा ताईंनी तिकडे जायचं ठरवलं. वय ६२, विमानात पहिल्यांदाच बसायचं, तेही एकटीनं. बैठकीत आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची तयारी केली. त्यात एक मोठी चूकही केली. ती आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

तिकीट काढताना आम्ही फक्त भाडं पाहिलं. सगळ्यांत स्वस्त तिकीट केनियातल्या नैरोबीवरून होतं, मध्ये चौदा तासांचा थांबा. नंतर कळलं की केनिया पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या देशांत मोडतो. हा डासांमुळे होणारा ताप आहे. दक्षिण आफ्रिकेत तो नाही, आणि बाहेरून येऊ नये म्हणून तिथलं सरकार जपतं. अशा देशातून आलेल्या, किंवा तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलेल्या प्रवाशाकडे लसीचं पिवळं कार्ड मागतात. ते नसेल तर देशात घेत नाहीत. परत येताना आपल्याकडेही तपासणी असते. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मग लस घ्यावी, असं आम्हाला वाटलं. पण साठीनंतर ही लस सरसकट देत नाहीत, कारण त्या वयात तिचा त्रास होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी ताईंना नको म्हणून सांगितलं. शेवटी ते तिकीट रद्द केलं आणि दुबईमार्गे दुसरं काढलं. रद्द करताना बरेच पैसे कापले गेले.

म्हणून तिकीट काढण्याआधी दोन प्रश्न विचारा: विमान वाटेत कोणत्या देशात थांबतं, आणि किती तास? लस घ्यायचीच असेल तर ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

आता कागदपत्रं. आपल्याला व्हिसा निघण्याआधीच काढावा लागतो. त्यासाठी लेकीचं निमंत्रणपत्र, बँकेचा हिशेब आणि परतीचं तिकीट तयार ठेवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस हवी आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. सोबत अठरा वर्षांखालचं मूल असेल, तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याची लेखी संमतीही घ्या. नियम बदलतात, म्हणून अर्ज करताना पुन्हा विचारून घ्या.

सामानाचं बोलू. बाळंतपण म्हटलं की आपला जीव अळीव, मेथ्या आणि साजूक तुपात. पण बियाणं, ताजी फळं, दुधातुपाचे पदार्थ आणि मांस तिकडे परवान्याशिवाय नेता येत नाही. जे नेत असाल ते विमानतळावर विचारण्याआधीच सांगा, लपवू नका. आपल्या वाणसामानाची तिथे अडचण पडत नाही. १८६० पासून मद्रासहून आणि कलकत्त्याहून आपली माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरीला तिकडे नेली गेली. त्यांच्या पणतू-खापरपणतूंची दुकानं डरबनला आणि जोहान्सबर्गलाही आहेत. ताईंनी लाडू तिथेच जाऊन वळले.

जून-जुलैत तिकडे हिवाळा असतो. जोहान्सबर्ग महाबळेश्वराहूनही उंचावर आहे, त्यामुळे स्वेटर आणि शाल हवीच. भिंतीतल्या प्लगला तीन जाड गोल पिना लागतात, आपल्याकडच्या गिझरच्या प्लगसारख्या. मोबाईलच्या चार्जरसाठी जोडपिन घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. प्रवासाचा विमा काढा, कारण तिथले खासगी दवाखाने महाग आहेत. मलेरिया जोहान्सबर्ग, डरबन आणि केपटाऊनमध्ये नाही. पण क्रूगरचं जंगल पाहायला जायचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

तिथे चोऱ्या होतात, हे खरं आहे. सोनं घरीच ठेवून जा. विमानतळावर कुणी सामान उचलायला पुढे आलं, तरी जावई भेटेपर्यंत बॅग आणि पासपोर्ट हातातून सोडू नका. मोटारीत पर्स मांडीवर ठेवू नका, सिग्नलला काच वर ठेवा. एटीएमवर अनोळखी माणसाची मदत घेऊ नका. अंधार पडल्यावर पायी फिरू नका. पोलिसांचा नंबर १०१११ आहे, आणि मोबाईलवरून ११२ लावला तरी मदत मिळते. हे दोन्ही नंबर ताईंनी पदराला गाठ मारावी तसे पाठ केले होते.

पण सावध राहायचं म्हणजे माणसं टाळायची, असं नाही. झुलू भाषेत भेटल्यावर 'सावुबोना' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'आम्ही तुला पाहिलं'. ताई हा एकच शब्द शिकून गेल्या. लेकीकडे कामाला येणाऱ्या बाईंना त्यांनी तो म्हटला आणि ओळख झाली. मग लेकीनं दुभाषाचं काम केलं, तेव्हा कळलं की त्या बाईही 'स्टॉकव्हेल'मध्ये आहेत. स्टॉकव्हेल म्हणजे तिकडची भिशी. बायका दरमहा ठरलेली रक्कम भरतात. कुठे पाळीपाळीनं एकीला पैसे मिळतात, कुठे डिसेंबरात एकदम किराणा भरतात, कुठे घरातल्या मयतीच्या खर्चासाठी साठवतात.

ताई तीन महिन्यांनी नातवाचे फोटो घेऊन परत आल्या. बैठकीत त्यांनी आधी स्टॉकव्हेलचं सांगितलं, मग नातवाचं. आणि तिकिटात गेलेले पैसे? ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहेत. पुढची कुणी निघाली की आधी ते पान उघडायचं, असं ठरलं आहे.