डिस्क ब्रेकचा डंका आणि शहरी सायकलीची वस्तुस्थिती

शहरात वापरायच्या सायकलीविषयी जे गैरसमज रूढ आहेत, त्यांत डिस्क ब्रेकबद्दलचा समज सर्वांत चिवट आहे. डिस्क असली की सायकल जागच्या जागी उभी राहते, रिमवर घासणारे ब्रेक जुनाट आणि धोक्याचे असतात, आणि म्हणून आठ-दहा हजारांच्या सायकलीलाही दोन्ही चाकांना डिस्क असायलाच हवी, असे ठाणे-डोंबिवलीतील ग्राहक दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरवून आलेला असतो. विक्रेत्यालाही तो समज खोडून काढण्यात काही लाभ नसल्याने खरेदी पाच मिनिटांत उरकते.

ब्रेक थांबवतो ते चाकाला. सायकल थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. वेग कमी होऊ लागला की भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे ते उचलले जाऊन स्वार पुढे फेकला जातो. फ्रँक व्हिट आणि डेव्हिड गॉर्डन विल्सन यांच्या ‘बायसिकलिंग सायन्स’ या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील गणितानुसार, सामान्य बैठकीच्या सायकलीसाठी ही मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून किंचित वरच येते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर घासणारा, नीट जुळवलेला व्ही-ब्रेक, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना लांब भुजा असलेला आणि एका वायरने आवळला जाणारा ब्रेक, दोन बोटांच्या दाबाने ही मर्यादा गाठू शकतो. कोरड्या रस्त्यावर त्याहून जोरदार ब्रेकने सायकल लवकर थांबत नाही, उलटते. तेव्हा डिस्कच्या ‘जास्त ताकदी’साठी मोजलेले पैसे नेमके कशासाठी मोजले जातात, हे विचारायला हवे, आणि ते सहसा कोणी विचारत नाही.

याच गणितातून दुसऱ्या एका हट्टी समजाचाही निकाल लागतो. पुढचा ब्रेक दाबला तर माणूस तोंडावर आपटतो, म्हणून फक्त मागचाच दाबावा, असे घरोघरी मुलांना शिकवले जाते. प्रत्यक्षात केवळ मागच्या ब्रेकने वेग गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पाव पटीनेच कमी करता येतो, त्यानंतर हलके झालेले मागचे चाक घसरू लागते. ताशी २० किलोमीटर वेगाने गोखले रोडवरून जाणारी सायकल दोन्ही ब्रेक नीट वापरल्यास ३ मीटरच्या थोडे पुढे थांबते आणि केवळ मागच्या ब्रेकने ६ मीटरहून अधिक अंतर घेते. अचानक उघडलेले रिक्षाचे दार या दोन अंतरांच्या मध्ये असते. पुढचा ब्रेक झटक्याने न आवळता, दाब क्रमाक्रमाने वाढवत, हात ताठ ठेवून आणि शरीर मागे झुकवून वापरायचा असतो. हे शिकायला मोकळ्या मैदानातील एक सकाळ पुरते, आणि कोणत्याही डिस्कने हा ३ मीटरचा फरक भरून निघत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. रिम रस्त्याच्या पाण्यात भिजते, ब्रेकच्या रबराला आधी ते पाणी पुसून काढावे लागते, आणि त्यात चाकाचे एक-दोन फेरे जातात. डिस्कची तबकडी आसाजवळ असल्याने तुलनेने कोरडी राहते आणि तिचे पॅड पाणी लवकर झटकतात. पण येथे निर्णायक ठरतो तो रिमचा धातू. चकचकीत मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर, ओल्या स्थितीत, घर्षण कोरड्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली उतरते, असे मोजमाप उपरोक्त ग्रंथातच दिलेले आहे. जुन्या अ‍ॅटलस किंवा हर्क्युलिसच्या सळईच्या ब्रेकची जून-जुलैत जी बदनामी होत असे, तिचे मूळ या रिममध्ये होते, आणि दोष मात्र सरसकट सर्व रिम-ब्रेकच्या माथी बसला. खरेदीच्या वेळी खिशात लहानसे चुंबक असावे: ते रिमला चिकटले तर रिम पोलादी, आणि ती सायकल ठाणे जिल्ह्यातील पावसासाठी नव्हे.

स्वस्त डिस्कची स्वतःची दुखणी वेगळीच आहेत. आठ-दहा हजारांच्या सायकलींवरील बहुतेक डिस्क तेलाच्या दाबाने चालणाऱ्या नसून वायरने ओढल्या जाणाऱ्या असतात. त्यांत पुष्कळदा एकच पॅड हलते आणि तबकडीला वाकवून दुसऱ्या, स्थिर पॅडवर टेकवते, त्यामुळे पॅड झिजत गेले की हाताने जुळवाजुळव करत राहावी लागते. चेनला सोडलेल्या तेलाचे शिंतोडे तबकडीवर उडाले तर पॅड निकामी होतात. डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाबाहेर सायकली हँडलात हँडल अडकवून, एकीचे पेडल दुसरीच्या चाकात घुसलेले, अशा कोंबून लावलेल्या असतात. त्या ओढून काढताना पातळ तबकडी जराशी जरी वाकली, तरी संध्याकाळी घरी जाताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खर्र असा आवाज येतो. रिम आऊट झाली तर स्पोक आवळून सरळ करणारा कारागीर गल्लीत सापडतो. तबकडी सरळ करणारा सहज सापडत नाही. माळशेज किंवा कसारा घाट उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी, कारण लांब उतारावर रिम तापते. पत्री पुलाचा किंवा घोडबंदर रोडवरील उड्डाणपुलांचा उतार तेवढा लांब नाही.

फ्रेमच्या बाबतीत ‘अ‍ॅलॉय’, म्हणजे दुकानाच्या भाषेत अ‍ॅल्युमिनियमची, फ्रेम पोलादीपेक्षा हलकी आणि म्हणून चांगली, हे समीकरण ठोकून दिले जाते. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते हे खरे, परंतु त्याचा ताठपणाही तेवढाच कमी असल्याने नळ्या जाड आणि रुंद कराव्या लागतात, आणि वजनातील बचत अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरते. त्यातच या किमतीच्या सायकलींना बहुधा स्प्रिंगचा पुढचा चिमटा, म्हणजे सस्पेन्शन, जोडलेला असतो. त्यातील स्प्रिंगची उसळी आवरणारी यंत्रणा नावापुरती असते किंवा नसतेच, आणि फ्रेममध्ये वाचवलेले वजन तेथे परत येते. पेव्हर ब्लॉक आणि खड्डे यांवर साधा ताठ चिमटा व थोडी कमी हवा भरलेले रुंद टायर अधिक उपयोगी पडतात. शिवाय पोलादी फ्रेमला तडा गेला तर तो सांधणे सामान्य कारागिराच्या आवाक्यातील काम असते. अ‍ॅल्युमिनियम सांधायला वेगळे कौशल्य लागते आणि सांधल्यानंतर त्याची ताकद पूर्ववत व्हावी यासाठी पुन्हा उष्णतेची प्रक्रिया करावी लागते, जी कोणी करत नाही. धातूपेक्षा उंचीला साजेसे माप आणि मडगार्ड-कॅरिअर बसवण्यासाठीची छिद्रे आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. पावसाळ्यात ऑफिसच्या शर्टावर पाठभर चिखलाची रेघ घेऊन उतरणाऱ्याला ही छिद्रे उशिरा आठवतात.

२१ गियर हवेतच, हाही असाच एक समज: पुढची तीन चक्रे आणि मागची सात यांचा गुणाकार २१ होतो, पण त्यातील कितीतरी जोड्या जवळपास सारख्याच असतात, आणि सपाट डोंबिवलीत पुढच्या एका चक्राने भागते.

पोलाद पावसात कुजते, ही भीतीही अर्धीच खरी आहे. रंग उडालेल्या जागी येणारा गंज डोळ्यांना दिसतो आणि घासून, रंग लावून थांबवता येतो. न दिसणारा गंज आतला असतो, कारण सीटच्या दांड्याच्या फटीतून शिरलेले पाणी खाली उतरून पेडलचा आस ज्या आडव्या नळीत बसतो तेथे साचते. अनेक फ्रेमना त्या नळीच्या बुडाशी निचऱ्याचे छिद्र ठेवलेले असते, ते चिखलाने बुजते, आणि मेअखेरीस तारेच्या तुकड्याने मोकळे करावे लागते.