संरक्षण खर्चातील अपव्यय आणि काटकसर : शेकटकर समितीच्या संदर्भात

प्रस्तावना

संरक्षण खर्चाविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांवर होते. देशाच्या सुरक्षिततेसाठी कितीही खर्च झाला तरी तो योग्यच, असे एक मत. तर हा पैसा शिक्षण व आरोग्याकडे वळवावा, असे दुसरे. खर्च कशावर होतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात शेकटकर समितीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

समितीचे कार्य

युद्धक्षमता वाढविणे आणि खर्चाचा समतोल साधणे या हेतूने तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल सादर झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये शासनाने पहिल्या टप्प्यात ६५ शिफारशी स्वीकारल्या. संदेशवहन, दुरुस्ती, पुरवठा आदी विभागांची फेररचना, सुमारे ५७,००० अधिकारी, जवान व नागरी कर्मचाऱ्यांची अन्यत्र नेमणूक आणि ३९ मिलिटरी फार्म बंद करणे, या त्यांपैकी प्रमुख होत.

अपव्यय की कालबाह्यता?

सैन्याला ताजे दूध मिळावे म्हणून पहिला मिलिटरी फार्म १८८९ साली अलाहाबाद येथे स्थापन झाला. खात्रीचे दूध बाजारात मिळत नसताना ही व्यवस्था आवश्यकच होती. संकरित 'फ्रिजवाल' गाईंच्या पैदाशीतही या फार्मांचा वाटा आहे. पुढे सहकारी दूधसंघांचे जाळे देशभर पसरले आणि लष्कराने स्वतः गाई पाळण्याचे प्रयोजन उरले नाही. मार्च २०२१ मध्ये, १३२ वर्षांनंतर, हे फार्म बंद झाले. येथे कोणी पैसा उधळला नव्हता. गरज संपली, तरी खर्च चालू राहिला होता. संरक्षणातील अपव्यय पुष्कळदा याच स्वरूपाचा असतो.

बचतीची मर्यादा

सर्व शिफारशी अमलात आल्यास पाच वर्षांत २५,००० कोटी रुपयांपर्यंत बचत होईल, असा अंदाज व्यक्त झाला होता. म्हणजे वर्षाला सरासरी ५,००० कोटी. २०१७-१८ ची संरक्षण तरतूद निवृत्तिवेतनासह सुमारे ३.५९ लाख कोटी होती. तिच्याशी तुलना करता हे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी भरते.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ६.८१ लाख कोटींपैकी सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी, तर १.८० लाख कोटी भांडवली खर्चासाठी होते. निवृत्तिवेतन हा अपव्यय नव्हे. ते शासनाने सैनिकाला दिलेले वचन आहे. त्यामुळे कपात करावयाची, तर ती भावी भरतीच्या अटींतच करावी लागते. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. उर्वरितांना एकरकमी सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. शासनाचा दीर्घकालीन भार यामुळे हलका होईल. परंतु त्याचा काही अंश त्या तरुणांच्या खांद्यावर जातो, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

कालबाह्य झालेला खर्च आणि वचनबद्ध खर्च यांत भेद केल्याशिवाय काटकसरीची चर्चा अर्थपूर्ण होत नाही. पहिला थांबविणे तुलनेने सोपे, पण त्यातून हाती येणारी रक्कम लहान असते. दुसऱ्याची रक्कम मोठी, पण त्याला हात लावताना माणसांच्या आयुष्याचा हिशेबही मांडावा लागतो. शिवाय वाचलेला पैसा युद्धक्षमतेकडे वळला नाही, तर समितीचा मूळ हेतूच विफल ठरतो. म्हणूनच किती रक्कम वाचली याबरोबरच ती कोठे गेली, हेही संसदेपुढे दरवर्षी स्पष्ट होणे अगत्याचे आहे.