चरबी गेली, त्वचा का राहिली?

शिक्षकांच्या एका शिबिरात व्याख्यान संपल्यावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या आमच्या हाती आल्या. त्यांपैकी एकीवर नाव नव्हते. मजकूर साधारण असा होता : ‘दोन वर्षांपूर्वी माझे वजन ११८ किलो होते. जठराची शस्त्रक्रिया करून घेतली, आहार पाळला, रोज चालते. आज वजन ६८ किलो आहे. मधुमेहाच्या गोळ्याही बंद झाल्या. पण पोटाची कातडी खाली लोंबते. घडीत घाम साचून पुरळ येते. सगळे म्हणतात, व्यायाम कमी पडतो. खरेच माझे काही चुकते आहे का?’

भर सभेत उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हे, असे वाटून आम्ही ती चिठ्ठी बाजूला ठेवली. आता वाटते, तेव्हा आमचेच चुकले. प्रश्न शुद्ध विज्ञानाचा होता. पुढे त्या बाई आम्हांला भेटल्या. काही महिन्यांनी त्यांनी पोटावरची जादा त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिचा अनुभव इतरांना उपयोगी पडावा म्हणून मोकळेपणाने सांगितला. त्या चिठ्ठीचे हे उशिरा दिलेले उत्तर आहे.

दोन फुगे

एक सोपा प्रयोग करू. दोन सारखे फुगे घ्या. एक फुगवून लगेच हवा सोडून द्या. दुसरा तितकाच फुगवा, तोंड बांधा आणि आठवडाभर ठेवून मग हवा सोडा. आता दोन्ही शेजारी ठेवून लांबी मोजा. पहिला जवळजवळ मूळ आकारावर आलेला दिसेल. दुसरा मात्र लांबट, ढिला आणि सुरकुतलेला राहील. ताण किती होता याइतकेच तो किती काळ होता यालाही महत्त्व असते, हे मुलांना लगेच कळते.

आपली त्वचा रबराहून बरीच गुंतागुंतीची आहे. प्रौढ माणसाच्या अंगावर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते. वरचा थर पातळ. त्याखालचा जाड थर, म्हणजे अंतस्त्वचा, हे खरे कापड. ते दोन प्रकारच्या प्रथिन तंतूंनी विणलेले असते. कोलॅजेनचे तंतू दोरखंडासारखे मजबूत, पण फारसे न ताणणारे. अंतस्त्वचेच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग त्यांचाच. दुसरे तंतू इलॅस्टिनचे. ते प्रमाणाने अगदी थोडे, पण ताणलेली त्वचा पूर्ववत करण्याचे काम त्यांचे.

इलॅस्टिनची मुख्य निर्मिती जन्माआधी आणि बालपणात होते. मोठेपणी शरीर ते फारसे बनवीत नाही. जे बनलेले असते ते मात्र विलक्षण टिकाऊ असते. त्याचा अर्धायुकाल ७० वर्षांच्या आसपास मानला जातो. थोडक्यात, लहानपणी मिळालेली ही पुंजी जन्मभर पुरवायची असते. वर्षानुवर्षांच्या ताणाने हे तंतू तुटले, तर त्यांच्या जागी तसेच नवे तंतू येत नाहीत.

त्वचा वाढते, पण ‘उलटी वाढत’ नाही

फुग्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. फुग्याचे रबर ताणले की पातळ होते, नवे रबर तयार होत नाही. त्वचा मात्र जिवंत आहे. सतत ताण पडला की तिच्या पेशी तो ताण ओळखतात, विभागतात आणि नवी त्वचा तयार करतात. १९५७ साली चार्ल्स न्यूमन या अमेरिकी शल्यविशारदाने या गुणाचा उपयोग करून घेतला. एका रुग्णाचा कान पुन्हा घडविण्यासाठी त्वचा कमी पडत होती. त्याने कानाजवळच्या त्वचेखाली रबरी फुगा बसवून तो हळूहळू फुगवीत नेला आणि जादा त्वचा मिळविली. पुढे १९७०च्या दशकात चेडोमिर राडोव्हान यांनी सिलिकोनची पिशवी वापरून ही पद्धत रुळविली. भाजलेल्या रुग्णांसाठी ती आजही वापरली जाते.

स्थूलतेत हेच घडते, फक्त फुग्याच्या जागी चरबी असते. वर्षानुवर्षे आतून दाब राहतो आणि त्वचा कापडाला नवे ताव जोडावेत तशी वाढत जाते. पुढे चरबीच्या पेशींतील साठा संपतो, पेशी आक्रसतात. पण वाढलेली त्वचा मोडून परत नेण्याची यंत्रणा शरीराजवळ नाही. थोडी त्वचा आक्रसते. वय कमी असेल, वजन कमी काळच वाढलेले असेल, तर बरीच. पन्नास किलो उतरल्यावर उरणारा वाढावा मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा असतो.

हिशेब करून पाहू. पोटाचा भाग नळकांडे मानू. घेर १३० सेंटीमीटरवरून ९० वर आला आणि नळकांड्याची उंची ४० सेंटीमीटर असली, तर वाढावा ४० × ४० म्हणजे १६०० चौरस सेंटीमीटर होतो. नेहमीच्या छपाईच्या कागदाचे जवळजवळ अडीच ताव!

आता ‘व्यायाम कमी पडतो’ या शेऱ्याचे उत्तर देता येईल. व्यायामाने स्नायू बळकट होतात, वजन आटोक्यात राहते. पण स्नायू त्वचेच्या खाली असतात. गादी घट्ट भरली म्हणून अभ्रा लहान होत नाही. कोलॅजेनयुक्त मलमांचेही तेच. कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा असतो, तर अखंड त्वचेतून साधारणपणे ५०० डाल्टनपर्यंतचेच रेणू सहज आत शिरतात. तेव्हा बाईंचे काहीही चुकलेले नव्हते.

शिंप्याची युक्ती

राहिला मार्ग कापून कमी करण्याचा. तो नवा नाही. १८९९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे हॉवर्ड केली यांनी एका स्त्रीच्या पोटावरून सुमारे साडेसात किलोंचा त्वचा-चरबीचा पट्टा काढल्याची नोंद आहे. मात्र कुठे कापायचे, याचे शास्त्र आहे. व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये शवांच्या त्वचेत गोल टोच्याने छिद्रे पाडली. छिद्रे गोल न राहता लंबगोल झाली! याचा अर्थ, त्वचेतला ताण सर्व दिशांना सारखा नसतो. या लंबगोलांच्या दिशेने छेद घेतला तर वण बारीक राहतो, आडवा छेदला तर रुंदावतो.

पोटावर या रेषा बहुतांशी आडव्या जातात. म्हणून नेहमीचा छेद ओटीपोटाच्या खालच्या बाजूस आडवा घेतात. तो कपड्यांत झाकतोही. पण आडव्या छेदाने उंचीतला वाढावा निघतो, घेरातला नाही. आपल्या नळकांड्याच्या हिशेबात तर वाढावा घेरातलाच होता. तो काढायचा तर मधोमध उभा छेदही लागतो आणि त्याचा वण दिसतो. सैल झगा बारीक करताना शिंप्यालाही हेच ठरवावे लागते, की शिवण कुठे घ्यायची आणि ती किती दिसली तर चालेल. सैल त्वचा देऊन वण घ्यायचा, असा हा सौदा असतो. दंड आणि मांड्या यांनाही तोच नियम. बाईंनी आडवा छेदच पसंत केला.

तयारी

जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष जाऊ देतात आणि वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर असावे लागते. नाही तर कापून बेतलेली त्वचा पुन्हा सैल पडायची. दुसरी गोष्ट रक्ताची. अशा रुग्णांचे खाणे कमी आणि शोषणही कमी, त्यामुळे लोह, ब-१२ जीवनसत्त्व आणि प्रथिने यांची तूट सर्रास आढळते. बाईंचे हिमोग्लोबिन ९ होते. ते वाढेपर्यंत शस्त्रक्रिया तीन महिने पुढे ढकलली गेली.

तिसरी गोष्ट तंबाखूची. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि टाक्यांच्या कडांना रक्त पुरत नाही. म्हणून किमान चार आठवडे आधी विडी-सिगारेट बंद करावी लागते. ‘आम्ही ओढत नाही’ म्हणणाऱ्या अनेक घरांत मिश्री असते. तीही तंबाखूच आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे.

बेंबी जागेवरच राहते

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाईंना उभे करून त्वचेवर पेनाने रेषा आखल्या. आडवे झाले की त्वचा बाजूला सरकते आणि माप चुकते, म्हणून उभे राहून आखणी. मग पूर्ण भूल. आडवा छेद घेऊन त्वचा आणि चरबीचा थर स्नायूंपासून बरगड्यांच्या दिशेने उचलतात. बेंबीभोवती गोल छेद घेऊन ती आपल्या देठासह जागेवरच ठेवतात. सैलावलेले स्नायू मध्यरेषेत शिवतात, त्वचा खाली ओढून जादा भाग कापतात आणि बेंबीसाठी नवे छिद्र पाडतात, सदऱ्याला काज करावे तसे.

या साऱ्यात एक नियम पाळावा लागतो : उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटता कामा नये. हा नियम आपल्याकडे फार पूर्वी माहीत होता. पुण्याजवळ एका माणसाला कपाळावरची त्वचा वळवून नवे नाक बसवल्याची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ साली छापली गेली. कपाळाची त्वचा एका देठाने जोडलेली राहिल्यामुळेच ते नाक जगले.

बाईंची शस्त्रक्रिया तीन तास चालली. काढलेला भाग भरला जेमतेम तीन किलो. ही वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

टाके निघाले म्हणजे जखम भरली का?

पहिले काही दिवस बाई पाठ सरळ करू शकत नव्हत्या. उशा घेऊन गुडघे दुमडून झोपायचे आणि वाकून चालायचे. ‘एकदम पणजी झाल्यासारखे वाटले,’ असे त्या म्हणाल्या. तरीही दुसऱ्या दिवसापासून त्यांना चालवले, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. उचललेल्या त्वचेखाली पाझरणारा द्रव वाहून जाण्यासाठी दोन नळ्या होत्या. द्रव पुरेसा कमी झाल्यावर नवव्या दिवशी त्या काढल्या. पोटाला घट्ट पट्टा दीड महिना होता.

तिसऱ्या आठवड्यात मधोमध बोटभर भाग उकलला. ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. रोज मलमपट्टी करून तो भरायला आणखी तीन आठवडे गेले. वजन खूप उतरलेल्या रुग्णांत असे प्रकार विरळ नाहीत. द्रव साचणे, जंतुसंसर्ग, कडा उकलणे यांची कल्पना आधीच असावी.

जखमेच्या बळाचे आकडे पाहिले की घाई का करायची नाही ते समजते. पहिल्या आठवड्याअखेर जखमेचे बळ अखंड त्वचेच्या फक्त ३ टक्क्यांच्या आसपास असते. तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के, तीन महिन्यांनी जवळपास ८० टक्के. पूर्ण शंभर कधीच नाही. वरून जखम मिटलेली दिसते, आत मात्र कोलॅजेनचे विणकाम चालूच असते. म्हणून निदान सहा आठवडे पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही.

या विणकामाला कच्चा माल लागतो. बॉस्टनमधील तरुण शल्यविशारद जॉन क्रँडन यांनी १९३९ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. त्यांनी क-जीवनसत्त्व नसलेला आहार सुरू केला. तीन महिन्यांनी पाठीवर केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली जखम मात्र वरून मिटली, आतून भरलीच नाही. क-जीवनसत्त्व टोचू लागल्यावर दहा दिवसांत ती भरू लागल्याचे दिसले. या जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचे तीन धागे एकमेकांत घट्ट वळले जात नाहीत. बाईंच्या ताटातले आवळा, पेरू, डाळी आणि अंडी म्हणजे औषधाइतकेच महत्त्वाचे सामान होते.

बेंबीखालचा भाग बाईंना अनेक महिने बधिर लागत होता. कापलेले चेतातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतात. त्यांना वेळ लागणारच. वण सुरुवातीला लाल आणि उंचवट्याचा असतो. वर्ष-दीड वर्षात फिकट होत जातो. सावळ्या त्वचेत तो जाड राहण्याची शक्यता थोडी जास्त.

वर्गात

सातव्या आठवड्यात बाई शाळेत रुजू झाल्या. हात उंच केला की टाके ओढल्यासारखे वाटत, म्हणून महिनाभर त्या फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहीत. एका मुलीने कारण विचारले. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दोन फुगे नेले.

ही शस्त्रक्रिया प्रत्येकाने करावी असे आमचे म्हणणे नाही. धोका आहे, खर्च आहे, वण राहतो. सैल त्वचेसह सुखाने राहणारेही अनेक आहेत. तो निर्णय ज्याचा त्याने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. आपल्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे, दुसरे काम आहे. अंगाने जाड मुलाला वर्गात काय ऐकावे लागते ते आपण जाणतो. बारीक झाल्यावरही शेरे थांबत नाहीत, ते फक्त बदलतात. ज्याला आपण आळस किंवा हलगर्जीपणा म्हणतो, ते कधीकधी इलॅस्टिनच्या तुटलेल्या तंतूंचे काम असते, हे फुगा दाखवून सांगता येते.

आठवडाभर बांधून ठेवलेला तो फुगा बाईंनी अजून प्रयोगशाळेच्या कपाटात जपून ठेवला आहे. नवी मुले विचारतात, ‘बाई, हा खराब झालाय, टाकून देऊ?’ बाई म्हणतात, ‘खराब नाही झाला. खूप दिवस ताणलेला होता, एवढेच.’