दांडीवरचा उंदीर

प्रयोगशाळेतल्या एका पांढऱ्या उंदराने गेली दहा वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे. त्याचे पुढचे दोन पाय आडव्या दांडीवर टेकवून ठेवतात. एरवी उंदीर क्षणात खाली उतरतो. हॅलोपेरिडॉल टोचलेला उंदीर मात्र तसाच, अवघडून, मिनिटामागून मिनिटे उभा राहतो. तो बेशुद्ध नसतो, लुळाही नसतो; त्याला हालचाल सुरूच करता येत नाही. या अवस्थेला कॅटॅलेप्सी म्हणतात. उतरायला किती सेकंद लागले, एवढेच मोजायचे.

मी वाणिज्य शाखेचा. औषधशास्त्राची पुस्तके हाती घेतली ती थोरल्या भावामुळे. हॅलोपेरिडॉलने त्याच्या कानातले आवाज थांबले, पण चालताना हात हलेनासे झाले. पुढे उदासीसाठी फ्लुओक्सेटिन सुरू झाले आणि काही आठवड्यांत त्याला सदऱ्याची बटणे लावता येईनात. मनाची गोळी बोटांपर्यंत कशी पोहोचली?

हालचाल सुरू करायला मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाला डोपामिन लागते. १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हॅलोपेरिडॉल डोपामिनचे डी-२ ग्राहक अडवते. भ्रम ओसरतात ते त्यामुळे आणि अंग आखडते तेही त्यामुळेच. मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रांतून निघणारे सेरोटोनिनचे तंतू या डोपामिन-यंत्रणेला बऱ्याच अंशी आवर घालतात. फ्लुओक्सेटिन सेरोटोनिनचे पुनर्शोषण रोखते, आवर वाढतो. हॅलोपेरिडॉल दिलेल्या उंदरांत फ्लुओक्सेटिनने कॅटॅलेप्सी वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे, ते याच्याशी जुळते.

पण सगळी नैराश्यविरोधी औषधे एका माळेचे मणी नाहीत. सेरोटोनिनचे ग्राहकही अनेक प्रकारचे. त्यांतला ५-एचटी-१ए ग्राहक चेतवला की राफेतल्या पेशी मंदावतात, आवर सैल होतो आणि उंदीर लवकर उतरतो. ट्रॅझोडोनची गंमत अशी, की थोड्या मात्रेत ते हॅलोपेरिडॉलची कॅटॅलेप्सी कमी करते आणि मोठ्या मात्रेत स्वतःच कॅटॅलेप्सी आणते. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांत असिटिलकोलिन अडवण्याचा गुण असतो. आखडलेपणावर देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलचाही गुण तोच.

उंदरावरून माणसाचा निकाल लावता येत नाही. उंदराला एक टोचणी, माणसाला वर्षानुवर्षे गोळ्या. शिवाय माणसाच्या यकृतात आणखी एक वाट उघडते: फ्लुओक्सेटिन तिथल्या एका विकराला रोखते आणि रक्तातले हॅलोपेरिडॉल वाढू शकते. लक्षण एक, पण कारणे दोन असू शकतात.

दांडीवरच्या उंदराने मला शिकवले ते वेगळेच. त्याला उतरायचे नाही की उतरता येत नाही, हे बाहेरून कळत नाही. औषधाने आखडलेल्या माणसाचा चेहरा निर्विकार होतो, बोलणे मंदावते. घरच्यांना ती उदासीच वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. औषध आपण होऊन बंद करायचे नसते, हे खरे. म्हणून डॉक्टरांपुढे मी ना उंदीर काढला ना सेरोटोनिन. फक्त बटणांचे सांगितले. त्यांनी भावाचे हात धरून कोपरात वाकवून पाहिले आणि गोळ्या बदलल्या.

आता सकाळी त्याला सदरा घालायला वेळ लागतो. पण बटणे तोच लावतो. मी जवळ बसून सेकंद मोजत नाही.