शेततळ्यातील सायप्रिनस माशाची वीण

रोहू, कटला व मृगळ हे मासे शेततळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. सायप्रिनस मात्र वर्षाच्या आत वयात येऊन तेथेच अंडी घालतो. शोभेचा कोई मासा हा याच माशाचा रंगीत प्रकार असल्याने हौदात कोई पाळणारांसही पुढील माहिती उपयोगी पडेल.

एक किलो वजनाची मादी सुमारे एक लाख अंडी घालते. ती तळ्यातच राहू दिल्यास मोठे मासे त्यांतील पुष्कळशी खाऊन टाकतात. वाचलेल्या पिल्लांची दाटी होऊन खाद्य व प्राणवायू अपुरा पडतो, आणि विक्रीच्या माशांची वाढ खुंटते. यास्तव अंडी वेळीच वेगळी करावीत.

नर माद्यांचा पाठलाग करू लागताच हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीच्या जुड्या काठाशी सोडाव्यात. अंडी चिकट असल्याने ती जुड्यांस चिकटतात. दुसऱ्या दिवशी जुड्या अलगद उचलून स्वच्छ पाण्याच्या निराळ्या टाकीत किंवा कापडी हाप्यात ठेवाव्यात. उबदार पाण्यात २ ते ३ दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. आरंभीचे सुमारे तीन दिवस ती पोटाच्या पिशवीतील अन्नावर जगतात. त्यानंतर शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा वस्त्रगाळ करून थोडा थोडा द्यावा. बेडूक व पाणकिडे यांपासून पिल्लांचे रक्षण करावे.

सायप्रिनस हा मूळचा परदेशी मासा होय. जिंतूर तालुक्यातील ओढ्यांचे पाणी पूर्णा नदीस व येलदरी जलाशयास मिळते. म्हणून पावसाळ्यापूर्वी सांडव्यास बारीक जाळी अवश्य बसवावी. गरजेपुरती पिल्ले ठेवून उरलेली बोटाएवढी होताच इतर शेततळेधारकांस द्यावीत.