भिंतीवरचा निबंध : औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि पोस्टर-स्पर्धा

विद्वत्सभेंत निबंध वाचण्याची रीत जुनी आहे. निबंध भिंतीवर टांगण्याची रीत मात्र अलीकडची म्हटली पाहिजे. सन १९६९ मध्यें माद्रिद येथें युरोपांतील जीवरसायनज्ञांची परिषद भरली, तींत कांहीं संशोधकांनीं आपलें काम फलकांवर मांडलें. अमेरिकेंत मिनियापोलिस येथें १९७४ सालीं हाच प्रयोग झाला, आणि पुढें ही पद्धति सर्वत्र पसरली. कारण साधें होतें. निबंध पाठविणारे शेंकडों झाले आणि व्यासपीठें मात्र मोजकींच राहिलीं. फलकापाशीं उभा असलेला संशोधक आणि समोर थांबलेला जिज्ञासु यांच्यांत जें बोलणें होतें, तें व्यासपीठावरून होत नाहीं, हा लाभ मागाहून ध्यानांत आला.

औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना ही संधि आतां पदवीच्या वर्गांत असतांनाच मिळूं लागली आहे. महाराष्ट्रांत 'आविष्कार' हें आंतरविद्यापीठीय संशोधन-संमेलन सन २००६ पासून भरत आलें आहे, आणि त्याच्या सहा विभागांपैकीं एक वैद्यक व औषधनिर्माण यांच्याकरितां आहे. पदवीचे विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यापुढील संशोधक यांची तुलना आपापल्या स्तरांतच होते. महाविद्यालयापासून चढत चढत विद्यापीठापर्यंत आणि तेथून राज्यापर्यंत जावें लागतें. याखेरीज नोव्हेंबरांतील औषधनिर्माण सप्ताहाच्या निमित्तानें अनेक महाविद्यालयें लहानमोठ्या स्पर्धा ठेवतात, आणि भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या अधिवेशनांतहि विद्यार्थ्यांचे फलक लागतात. प्रत्येक ठिकाणचें नियमपत्र निराळें असतें. फलकाचें माप, शब्दांची मर्यादा, सारांश पाठविण्याची तारीख, हें सर्व त्या पत्रकांतूनच घ्यावें. गेल्या वर्षींच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

विषयाची निवड हा सर्वांत अवघड भाग, आणि त्यालाच सर्वांत थोडा वेळ दिला जातो. एखादें भारदस्त नांव शोधावें, त्याला 'नॅनो' हा उपसर्ग लावावा, संगणकावर रेणूची आणि प्रथिनाची सांगड घालून चार रंगीत चित्रें काढावीं, आणि खालीं 'कर्करोगावर उपयुक्त' असें लिहून मोकळें व्हावें, असा एक परिपाठच पडून गेला आहे. संगणकावरील गणित निरर्थक असतें असें नव्हे. पण तें प्रयोगाची दिशा दाखवितें, रोग बरा करीत नाहीं. परीक्षकानें 'याचा पुरावा काय?' असें विचारतांच असा फलक मुका होतो. ज्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असेंहि येऊं शकतें आणि 'नाहीं' असेंहि येऊं शकतें, आणि जें उत्तर महाविद्यालयांतल्या उपकरणांनीं कांहीं महिन्यांत मिळूं शकतें, तोच प्रश्न विद्यार्थ्यानें हातीं घ्यावा.

असे प्रश्न दूर नसतात. सन २००८ मध्यें केंद्र सरकारनें जन-औषधि योजना सुरू केली, तेव्हांपासून एक शंका घरोघर ऐकूं येते: स्वस्त गोळी महाग गोळीइतकीच गुणकारी असेल काय? रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी जन्मभर घ्यावी लागणाऱ्या गृहस्थाला हा प्रश्न दर महिन्याच्या जमाखर्चाचा आहे. गुण येतो कीं नाहीं, याचें उत्तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत मिळणार नाहीं; त्यासाठीं माणसांवरील चाचणी लागते. परंतु त्या मोठ्या प्रश्नाचा एक तुकडा तेथें सुटूं शकतो. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची स्वस्त गोळी आणि नांवाजलेल्या छापाची तीच गोळी, या दोन्ही गोळ्या सारख्याच वेगानें विरघळतात काय? पोटांत गेलेलें औषध आधीं विरघळावें लागतें, मगच तें रक्तांत जातें. म्हणून हा तुकडा क्षुद्र नव्हे.

यांतील कृति सोपी दिसते. वीस गोळ्या एकेक करून तोलावयाच्या. २५० मिलिग्रॅमहून जड गोळीच्या बाबतींत सरासरीपासून ५ टक्क्यांहून अधिक फरक फार तर दोन गोळ्यांत चालतो, आणि १० टक्क्यांहून अधिक फरक एकीतहि चालत नाहीं. ठिसूळपणा पाहण्यासाठीं गोळ्या फिरत्या पिंपांत शंभर फेरे घुसळावयाच्या. वजनांतील घट १ टक्क्याच्या आंत असावी. आवरण नसलेली गोळी १५ मिनिटांत विघटित व्हावी. मग येतें विद्रावण, आणि खरी परीक्षा येथें आहे. अमेरिकी औषधकोशाच्या रीतीनें ९०० मिलिलिटर फॉस्फेट बफर, पीएच ५.८, ३७ अंश उष्णता, वल्ह्याच्या आकाराचें पॅडल मिनिटास ५० फेऱ्यांनीं फिरतें, आणि ३० मिनिटांनीं द्रव काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २४३ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात.

या एका परिच्छेदांत परीक्षकाला विचारण्याजोगे निदान तीन प्रश्न दडले आहेत. पहिला उपकरणाचा. अमेरिकी औषधकोशांत पॅडल म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचें उपकरण आणि टोपलीचें तें पहिलें. भारतीय औषधकोशांत हा क्रम नेमका उलटा आहे. फलकावर नुसतें 'उपकरण क्र. २' असें छापणाऱ्या विद्यार्थ्यानें काय वापरलें, हें वाचणाऱ्याला कळावयाचें कसें? दुसरा प्रश्न विरलनाचा. ५०० मिलिग्रॅम औषध ९०० मिलिलिटरांत पुरतें विरघळलें, तर दर मिलिलिटरांत सुमारें ५५६ मायक्रोग्रॅम होतात. इतका तीव्र द्राव उपकरणाला नीट मोजतां येत नाहीं. तो पन्नासपट पातळ केला म्हणजे ११ मायक्रोग्रॅमवर येतो आणि मोजमाप विश्वसनीय होतें. ही पन्नासपट कोठें झाली, हें सांगतां न येणारा विद्यार्थी आंकडे दुसऱ्याच्या वहींतून आणतो, असा संशय परीक्षकाला आला तर त्याला दोष देतां येत नाहीं. तिसरा प्रश्न नमुन्याचा. एका दुकानांतून घेतलेली एक पाकिटपट्टी म्हणजे तो छाप नव्हे. ती त्या छापाच्या एका बॅचची पट्टी होय. बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख यांची नोंद असावी, आणि निष्कर्षहि तेवढ्याच बॅचपुरता असावा.

दोन गोळ्यांचे विद्रावणाचे आलेख ताडून पाहण्याकरितां मूर आणि फ्लॅनर यांनीं १९९६ मध्यें मांडलेला साम्यांक वापरतात. तो ५० ते १०० यांच्या दरम्यान आला म्हणजे आलेख सारखे मानतात. यास प्रत्येक मालाच्या बारा गोळ्या लागतात. मात्र दोन्ही गोळ्या पहिल्या १५ मिनिटांतच ८५ टक्क्यांपर्यंत विरघळल्या असतील, तर हें गणित करण्याचें कारणच उरत नाहीं. तें तरीहि करून दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत छापण्याची हौस कांहींना असते.

आतां समजा, स्वस्त मालाच्या सहा गोळ्यांपैकीं पांच ९० टक्क्यांच्या पुढें गेल्या आणि सहावी ७८ वर थांबली. सारांश तर आधींच पाठविलेला आहे, त्यांत 'दोन्ही गोळ्या तुल्य आढळल्या' असें लिहून चुकलें आहे, आणि स्पर्धा चार दिवसांवर आली आहे. विद्यार्थ्यापुढें येथें दोन वाटा येतात, आणि दोन्ही वाईट. एक, ती सहावी गोळी वहींतून पुसून टाकणें. दुसरी, 'स्वस्त औषध बोगस' असा ठळक मथळा देऊन सभा गाजविणें. पहिल्या वाटेनें खोटें छापलें जातें. दुसऱ्या वाटेनें एखादा गरीब मनुष्य परवडणारी गोळी टाकून देतो आणि महाग गोळी न परवडल्यानें औषधच सोडतो.

औषधकोशानें या प्रसंगाची तजवीज आधींच करून ठेविली आहे. विरघळण्याची मर्यादा ८० टक्के असली तर पहिल्या टप्प्यांत सहांपैकीं प्रत्येक गोळीनें ८५ गांठावे लागतात. तें न झाल्यास माल नापास होत नाहीं. आणखी सहा गोळ्या घेतात, आणि मग बारा गोळ्यांची सरासरी ८० हून कमी नसावी व एकहि गोळी ६५ च्या खालीं नसावी. तेंहि न साधल्यास आणखी बारा गोळ्यांचा तिसरा टप्पा आहे. म्हणून विद्यार्थ्यानें आधीं त्या पात्राकडे पाहावें. गोळी तळाशीं भलत्या जागीं चिकटली होती काय, द्रवांतील हवा काढली होती काय, पिपेट भरतांना बुडबुडा आला होता काय? मग मार्गदर्शकाला सांगून दुसरा टप्पा करावा, आणि फलकावर बाराहि आंकडे द्यावे. सारांशाशीं विसंगत निकाल आला तर तसें फलकावर एका ओळींत लिहावें. सारांश पाठविल्यानंतर प्रयोग पुढें गेला, यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. छापांचीं नांवें न देतां 'अ', 'ब', 'क' अशीं अक्षरें द्यावींत; परीक्षकानें विचारल्यास बॅचची नोंद वहींत असतेच. तिसऱ्या टप्प्यानंतरहि माल नापासच ठरला, तर त्याची जागा फलकावरच्या मथळ्यांत नव्हे. औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांच्या १९४० च्या कायद्याच्या २६ व्या कलमान्वयें कोणत्याहि खरेदीदाराला विहित शुल्क भरून औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देतां येतें. अधिकृत निर्णय त्याच्या अहवालावरून होतो.

परवानग्यांचें प्रकरण थोडक्यांत असें. प्राण्यांवरील प्रयोगाला संस्थेच्या प्राणिनीति समितीची मान्यता प्रयोगापूर्वीं लागते, माणसांकडून प्रश्नावलि भरून घेण्यासहि नीतिसमितीकडे जावें लागतें, आणि मान्यतेचा क्रमांक फलकावर असावा. वनस्पतीवर काम असल्यास ती वनस्पति तज्ज्ञाकडून ओळखवून घ्यावी व तिचा नमुना वनस्पतिसंग्रहांत ठेवावा. पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईस सेंट झेवियर महाविद्यालयाचा ब्लॅटर संग्रह आहे. बाजारांतून 'शतावरी' म्हणून आणलेली मुळी शतावरीच असते, असें धरून चालण्याचे दिवस गेले. आणि काम पेटंटयोग्य वाटत असेल तर फलक टांगण्यापूर्वींच अर्जाचा विचार मार्गदर्शकाशीं करावा. एकदां चारचौघांत मांडलेली गोष्ट नवी म्हणून सिद्ध करणें कठीण जातें.

फलक तयार करतांना बहुतेकांची चूक एकच असते: प्रबंधच बारीक टायपांत भिंतीवर आणला जातो. फलक दीड मीटरवरून वाचतां यावा. प्रश्न, रीत, निकाल, निष्कर्ष एवढीं मुख्य अंगें. त्यांत निकालाला अर्धी जागा. कोष्टकाऐवजीं आलेख, आलेखाच्या अक्षांवर एकक, प्रत्येक बिंदूवर विचलनाची रेघ, आणि किती गोळ्यांचा हा निकाल आहे तो आंकडा. सन २०१९ मध्यें माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधक-विद्यार्थ्यानें असें सुचविलें कीं, फलकाच्या मध्यभागीं मुख्य निष्कर्ष एकाच सोप्या वाक्यांत मोठ्या अक्षरांनीं लिहावा आणि बाकीचें कडेला ठेवावें. ही सूचना मोलाची आहे, परंतु ज्या स्पर्धेचे गुण उद्देश, पद्धति, निष्कर्ष अशा रकान्यांनीं दिले जातात, तेथें कडेचा मजकूरहि तितकाच भरीव लागतो.

छपाईविषयीं एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. मायक्रोग्रॅम दाखविणारें ग्रीक 'म्यू' हें अक्षर कांहीं फॉन्टांत इंग्रजी 'एम'च्या कळीवर बसविलेलें असतें. फ्लेक्सच्या दुकानांतील संगणकावर तो फॉन्ट नसला कीं 'म्यू'चा 'एम' होतो, आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम बनतात. एका अक्षरानें मात्रा हजारपट वाढते, आणि औषधांच्या क्षेत्रांत अशी चूक क्षम्य मानीत नाहींत. फाइल पीडीएफ करून द्यावी, आणि तरीहि छापण्यापूर्वीं दुकानांत उभें राहून प्रत्येक एकक वाचून घ्यावें.

परीक्षकापुढें उभें राहण्याची भीति तालुक्याच्या गांवांतून आलेल्या मुलांना अधिक वाटते, आणि तिचें मूळ बहुधा इंग्रजींत असतें, शास्त्रांत नव्हे. पाठ केलेलें इंग्रजी भाषण मध्यें तोडलें कीं विद्यार्थी पुन्हां पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो. परीक्षक नेमकें मध्येंच तोडतो. म्हणून भाषण पाठ करूं नये. तीन मिनिटांत सांगावयाचें आणि एका मिनिटांत सांगावयाचें असे दोन घाट मनांत ठेवावे, आणि फलकावरील आलेखाकडे बोट दाखवून त्याच्या आधारानें बोलावें. वाक्यें लहान असावींत. नियमांत मुभा असेल तर मराठींत उत्तर देण्यास संकोच नको. '५० फेऱ्याच कां?', 'बफर कसा केला?', 'हाच प्रयोग पुन्हां केल्यास काय बदलाल?' हे प्रश्न वर्गमित्रांकडून आठवडाभर विचारून घ्यावे. तेहि शक्यतों दुसऱ्या शाखेच्या मित्रांकडून, कारण अडचणीचे प्रश्न तेच विचारतात. एखादी गोष्ट तपासली नसेल तर 'हें आम्हीं पाहिलें नाहीं' असें सरळ म्हणावें. काम दोघांनीं केलें असेल तर कोणी काय केलें तेंहि स्वच्छ सांगावें. वजनें जिनें घेतलीं तिनेंच वजनांविषयीं बोलावें.

प्रयोगवही सोबत न्यावी, मूळ आंकड्यांची, खाडाखोडीसकट. स्वच्छ करून पुन्हां लिहिलेली वही अनुभवी परीक्षक दोन पानांतच ओळखतो. स्पर्धा संपल्यावर फलक गुंडाळून कपाटावर जातो, पण परीक्षकांनीं विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळीं त्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरून ठेवावे. पुढच्या वर्षीं तोच प्रयोग दुसऱ्या बॅचवर करणाऱ्या विद्यार्थ्याला तें पान फलकापेक्षां अधिक उपयोगी पडतें.